नुसते उभे राहणारे

गेल्या दिवाळीच्या सुटीत आमच्या धाकट्या बहिणीचा नातू पुण्याहून आमच्याकडे आठ दिवस राहावयास आला होता. वय वर्षे चौदा. सोबत कपड्यांची पिशवी लहान आणि लॅपटॉपचा सरंजाम मोठा. पहिल्या दिवशी फराळ आटोपून तो जो माडीवरच्या खोलीत शिरला, तो दुपारी पाने मांडून हाका मारल्या तरी खाली उतरेना. अखेर आम्हीच जिना चढून गेलो व काय चालले आहे म्हणून विचारले. "कुस्ती, आजोबा," एवढेच उत्तर आले.

कुस्ती हा शब्द कानी पडताच आमच्यातला पंचगंगेकाठचा माणूस जागा झाला. जेवण विसरून, चष्मा पुसून, आम्ही त्याच्या पाठीशी जाऊन उभे राहिलो. पाहतो तो काय? पडद्यावर ना माती, ना मल्ल, ना शड्डू. तक्त्यांमागून तक्ते मात्र होते. नावे, पगार, करारांच्या मुदती, तिकिटांचे उत्पन्न, शिलकी रक्कम. आम्ही तेहतीस वर्षे एका कचेरीत हिशेब तपासण्याचे काम केले. निवृत्त झाल्यावर ज्या कागदांचा वासही नको म्हणून गावी येऊन राहिलो, तेच कागद हा मुलगा सुटीच्या दिवशी, हौसेने, चिवडा खात खात पाहत बसला होता. आम्हांस हसू आले, आणि खोटे कशाला सांगावे, थोडेसे घरच्यासारखेही वाटले.

दोन दिवसांच्या शिकवणीनंतर या खेळाचे मर्म आमच्या ध्यानी आले. यात खेळणारा स्वतः कुस्ती करीत नाही. तो कुस्त्यांच्या कंपनीचा चालक असतो. मल्ल नेमावयाचे, त्यांच्या जोडी लावावयाच्या, कोणी कधी जिंकावे हे ठरवावयाचे आणि गल्ला भरावयाचा. ॲडम रायलंड या इंग्रज गृहस्थाने 2004 साली 'टोटल एक्स्ट्रीम रेसलिंग' या नावाचा असला एक खेळ काढला व पुढे त्याच्या अनेक आवृत्त्या निघाल्या. आमच्या नातवाचा खेळ दुसऱ्या कोणाचा, पण कूळ तेच.

'कोणी जिंकावे हे ठरवावयाचे' या शब्दांशी आमच्या वयाचा वाचक अडखळेल. आम्हीही अडखळलो. पण अमेरिकेतल्या या व्यावसायिक कुस्तीत निकाल आधी ठरलेला असतो ही गोष्ट आता गुपित राहिलेली नाही. 1989 साली त्या धंद्यातल्या सर्वांत मोठ्या कंपनीने न्यू जर्सी राज्याच्या विधिमंडळापुढे ती स्वतःहून कबूल केली. सत्यनिष्ठेचा उमाळा आला म्हणून नव्हे, तर खऱ्या क्रीडास्पर्धांवर असलेले सरकारी नियंत्रण व कर यांतून सुटावे म्हणून. तेव्हा हे एक प्रकारचे नाटकच समजावे. मात्र या नाटकात माणूस आठ-दहा फुटांवरून खरोखरच खाली पडतो आणि त्याचे हाड खरोखरच मोडते. अशा या नाटकमंडळीत मल्लांखेरीज पंच असतात, समालोचक असतात, पडद्याआड राहून कुस्तीची आखणी करून देणारे जुने जाणते असतात. या सर्वांस पगार असतो, गुण असतात, आणि आमच्या नातवाच्या खेळात प्रत्येकाच्या नावापुढे थकव्याचाही एक रकाना असतो. मल्लांचा थकवा भराभर चढे. इतरांचा मुंगीच्या पावलाने.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी चिरंजीव रडकुंडीस आलेले दिसले. कंपनी बुडू लागली होती. चांगले चांगले मल्ल पदरी असताना कुस्त्या रंगेनात; प्रत्येक कुस्तीस मिळणारे गुण महिन्यामागून महिना घसरत होते. त्याने मल्ल बदलले, जोडी बदलल्या, दोघा नामांकितांना घरी पाठविले. काही उपयोग झाला नाही. "आजोबा, सगळ्यांना विश्रांती दिलीय. कुणीच थकलेलं नाही. तरी असं का होतंय?"

आम्ही म्हटले, दप्तर दाखव. हिशेबतपासनिसास एक गोष्ट ठाऊक असते. चोर ज्या पानावर ओरड चालली असेल त्या पानावर सहसा सापडत नाही. आम्ही कागद घेऊन मागील सोळा आठवड्यांच्या कुस्त्यांची टिपणे करू लागलो. आठवड्यास दोन खेळ, दर खेळास नऊ कुस्त्या. म्हणजे दोनशे अठ्ठ्याऐंशी कुस्त्या झाल्या. मल्लांची नावे वेगवेगळी, जिंकणारे हरणारे वेगवेगळे, गावे वेगवेगळी. पण एक नाव प्रत्येक ओळीत होते. पंच. त्या दोनशे अठ्ठ्याऐंशी कुस्त्यांना एकच पंच उभा होता. दुसरा पंच होता, त्यास पगार वाचविण्यासाठी पहिल्याच आठवड्यात रजा देण्यात आली होती.

त्या पंचाचा थकवा किती, असे आम्ही विचारले. नातू म्हणाला, तो रकाना मी झाकून ठेवला आहे, पडद्यावर उगाच गर्दी होते. उघडून पाहिला. आकडा शिखरास पोहोचला होता. त्या थकव्यापायी पंचाचे स्वतःचे काहीच बिघडले नव्हते. तो जखमी झाला नव्हता, रुसला नव्हता, त्याने पगारवाढ मागितली नव्हती. त्याच्या नावापुढे एकही तांबडी खूण नव्हती. त्याचा थकवा कुस्तीच्या खात्यात वजा पडत होता, आणि कुस्ती मल्लांच्या नावे मांडलेली असल्यामुळे दोष मल्लांच्या माथी बसत होता. त्या दोघा नामांकितांची नोकरी गेली ती दुसऱ्याच्या पायांतल्या गोळ्यांमुळे!

"पण त्याला थकायला काय झालं?" नातवाने अगदी सरळ मनाने विचारले. "तो थोडीच कुस्ती करतो? तो तर नुसता उभा असतो."

त्या वेळी आम्ही उत्तर दिले नाही. जेवणाची वेळ झाली होती. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर ते वाक्य काही केल्या कानांतून जाईना, कारण ते आम्ही पूर्वी ऐकलेले होते. कोठे ते पुढे सांगू.

नुसते उभे राहणे म्हणजे काय, याचा आधी थोडा विचार करावा असे वाटते. अमेरिकन कुस्तीतला पंच हा प्रेक्षकांना वाटतो तसा बाहुला नसतो. त्याच्या कानात एक बारीक यंत्र असते. पडद्याआडून त्यात सूचना येत असतात. किती मिनिटे उरली, शेवट केव्हा करावयाचा, हे तो मल्लांच्या कानी घालतो, आणि तेही हजारो डोळ्यांदेखत, कोणास कळू न देता. मल्ल जोराने आदळला की त्याच्याजवळ जाऊन त्याचा हात हातात घेतो. मल्लाने हात दाबला तर तो ठीक आहे. दाबला नाही, तर हा खोट्यातला खरा क्षण आहे हे त्या पंचालाच सर्वांआधी ओळखावे लागते. मग तो डोक्यावर दोन्ही हातांची फुली करतो. ती खूण म्हणजे दुखापत खरी आहे, माणसे पाठवा. एवढे सगळे करून पुन्हा आपण तेथे नाहीच असे भासविणे ही त्याच्या कामाची मुख्य अट. प्रेक्षकाच्या लक्षात राहिलेला पंच म्हणजे फसलेला पंच.

समालोचकांचेही तेच. 10 सप्टेंबर 2012 च्या रात्री कॅनडातल्या मॉन्ट्रियल शहरी कुस्त्यांचा खेळ चालू असताना जेरी लॉलर हे वयोवृद्ध मल्ल व समालोचक बोलता बोलता टेबलाशीच कोसळले. त्यांचे हृदय बंद पडले होते. वैद्य जवळ होते म्हणून ते वाचले. त्या रात्री त्यांनी आधी कुस्तीही केली होती, त्यामुळे हा समालोचनाचा शीण होता असे कोणी म्हणणार नाही आणि आम्हीही म्हणत नाही. आम्हांस त्या रात्रीचे पुढचे आठवते. उरलेल्या कुस्त्या समालोचनावाचून झाल्या. त्यांचे सहकारी मायकेल कोल मधूनमधून येत, प्रकृतीची वार्ता सांगत, आणि परत सारे मुके. मल्ल तेच, डाव तेच, पण दूरचित्रवाणीवर पाहणाऱ्यास एरवी आपल्या कानांशी दोन माणसे तासन् तास राबत असतात याची जाणीव त्या मौनाने झाली.

डोळ्यांनी नुसते पाहत राहण्याने माणूस थकतो का, हा प्रश्न एका विद्वानाने शास्त्रीय रीतीने सोडविलेला आहे. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांची विमाने समुद्रावर घिरट्या घालीत आणि आत बसलेला माणूस रडारच्या पडद्यावर शत्रूच्या पाणबुडीचा ठिपका उमटतो का ते पाहत बसे. ठिपका उमटे आणि त्याला दिसत नसे. डोळे चांगले, माणूस शिकलेला, कामास निष्ठावान. मग असे का? नॉर्मन मॅकवर्थ यांनी एक पांढरी तबकडी केली. तीवर एकही आकडा नाही, फक्त एक काटा झटक्याझटक्याने पुढे सरकणारा. क्वचित तो एकाऐवजी दोन घरे उडी मारी. समोर बसलेल्याने ती दुहेरी उडी दिसताच खूण करावयाची. दोन तास एवढेच काम. 1948 साली त्यांनी आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. पहिल्या अर्ध्या तासानंतरच माणसे उड्या चुकवू लागत. ज्याने अंगाचे एक बोटही श्रमविले नाही, त्याची नजर अर्ध्या तासात बोथट होते! आणि तमाशा असा, की चुकणाऱ्यास आपण चुकलो हे ठाऊक नसते. जी उडी दिसलीच नाही तिची आठवण कोठून असणार?

या तबकडीच्या जागी आता कुस्तीची चटई ठेवून पाहा. 1912 च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये रशियाच्या बाजूने उतरलेला एस्टोनियन मल्ल मार्टिन क्लाइन आणि फिनलंडचा आल्फ्रेड आसिकाइनेन यांची उपांत्य कुस्ती झाली. ती अकरा तास चाळीस मिनिटे चालली. ऊन होते, अधूनमधून थांबवून मल्लांना पाणी देत. अखेर क्लाइनने कुस्ती मारली, पण तो इतका गळून गेला होता की अंतिम सामन्यास उभाच राहिला नाही, आणि सुवर्णपदक स्वीडनच्या क्लेस योहान्सनला मिळाले. ही कथा क्रीडेच्या पुस्तकांतून नेहमी सांगतात, आणि सांगणारा दर वेळी त्या दोघांच्या दमाची वाखाणणी करतो. करावीच. पण त्या अकरा तास चाळीस मिनिटांत त्या चटईशेजारी कोणीतरी ओणवे होऊन खांदे पाहत होते. कोणीतरी घड्याळ धरून बसले होते. पाण्याच्या घागरी कोणीतरी वाहिल्या होत्या. त्यांना अंतिम सामना चुकवण्याची मुभा नव्हती.

त्याच 1912 साली आमच्या कोल्हापुरास खासबागेचे मैदान सुरू झाले. शाहू छत्रपती 1902 साली युरोपास गेले होते. तेथे रोमचे जुने क्रीडागृह पाहून त्यांच्या मनाने हे मैदान घेतले असे सांगतात. मध्ये हौदा, भोवती चढत गेलेल्या बैठका, कोठूनही पाहा, मल्ल दिसलाच पाहिजे. आम्ही लहानपणी त्या बैठकांवर कितीदा बसलो असू त्याचा हिशेब नाही. पण खरे सांगावयाचे तर आमचे डोळे मल्लांवर कमी आणि इतर मंडळींवर अधिक असत. हौद्याची लाल माती आपोआप लोण्यासारखी होत नाही. ती चाळावी लागते. तीत ताक, तेल, लिंबाचा रस, हळद घालून कालवावी लागते. पहिल्या जोडीच्या आधी आणि मधूनमधून फावड्याने पुन्हा मोकळी करावी लागते. ही माणसे सकाळी येत आणि रात्री जात. हलगीवाला तर आमचे दैवतच होते. जोड रंगली की हलगी चढे, की हलगी चढली म्हणून जोड रंगे, हे आम्हांस आजतागायत उमगलेले नाही. एकदा मात्र अगदी हौद्याच्या काठाशी बसावयास मिळाले तेव्हा दिसले की त्याच्या डाव्या हाताच्या अंगठ्यास चिंधी बांधलेली असून ती भिजून काळी झाली होती. त्या संध्याकाळी शेवटची कुस्ती थंड गेली. मल्लांनी हातच आखडता घेतला, असे लोक म्हणत घरी गेले.

आता ते वाक्य आम्ही पूर्वी कोठे ऐकले ते सांगतो. सांगण्यास थोडा संकोच होतो, आणि म्हणूनच इतका वेळ इकडे तिकडे फिरलो हे वाचकांनी ओळखलेच असेल.

1969 साली आम्ही सतरा वर्षांचे होतो. आमचे काका प्राथमिक शाळेत शिक्षक होते आणि गावच्या जत्रेतल्या कुस्त्यांचे पंच. तरुणपणी त्यांनी तालीम केली होती, माणूस अत्यंत करडा व निःस्पृह, म्हणून आजूबाजूच्या गावांतही त्यांचा शब्द चाले. त्या वर्षी आमचे अक्षर बरे म्हणून कमिटीने आम्हांस हिशेबाच्या टेबलावर बसविले. टेबल म्हणजे एक बुटके मेज, पुढे सतरंजी. जोड ठरली की दोघांची नावे, गावे आणि इनाम लिहावयाचे. कुस्ती झाली की पैसे देऊन सही घ्यावयाची. आयुष्यभर पुढे जे करावयाचे होते त्याचा हा श्रीगणेशाच म्हणावा.

दुपारी दोन वाजता पोरांच्या कुस्त्या लागल्या. रेवड्यांवरच्या आणि खोबऱ्याच्या वाटीवरच्या. त्या निकालास पंचाची काय गरज, असे कोणासही वाटेल. पण काका त्या चिमुरड्या पोरांचेही खांदे तितक्याच बारकाईने, गुडघ्यांवर हात टेकून, वाकून पाहत. एकेका जोडीला वाकणे, उठणे, फिरणे, पुन्हा वाकणे. मल्ल अंगावर माती टाकतात ती उडून डोळ्यांत जाई. मग दोन रुपयांच्या, पाच रुपयांच्या, अकराच्या, एकवीसच्या कुस्त्या. मल्ल येत होते, लढत होते, जाऊन लिंबू-पाणी पिऊन टॉवेलने वारा घेत पडत होते. त्यांच्याभोवती त्यांचे वस्ताद, भाऊ, गाववाले. कोण दमला, कोणाचा दम टिकेल, यावर सगळ्या मैदानाचे लक्ष. काकांनी दुपारपासून काय खाल्ले हे आम्हांस ठाऊक होते, कारण ते आमच्याच हातून गेले होते. एक गुळाचा खडा आणि तांब्याभर पाणी.

शेवटची जोड लागली तेव्हा दिवस मावळला होता. इनाम जिंकणाऱ्यास दोनशे एक, हरणाऱ्यास एक्कावन्न. त्या काळी आमच्या गावास ही रक्कम मोठी होती. एक मल्ल गावचा, दुसरा नदीपलीकडच्या एका खेड्यातला, वर्षभर दुसऱ्याच्या उसात राबून तालीम करणारा. हौद्याच्या दोन बाजूंस खांबांवर दोन गॅसबत्त्या टांगल्या होत्या. त्यामुळे प्रत्येक अंगास दोन दोन सावल्या पडत. पंचवीस मिनिटे झाली, लोक ओरडू लागले. गावच्या मल्लाने ढाक मारली, पलीकडचा खाली गेला, काका धावत जाऊन वाकले, आणि क्षणात हात वर झाला. चीत!

हलगी वाजली, फेटे उडाले. आणि पलीकडच्या मल्लाचा वस्ताद हौद्यात उडी टाकून काकांपुढे उभा राहिला. "मास्तर, पोराचा डावा खांदा वर हुता की! चांगला चार बोटं वर हुता!"

काकांची मान वळली ती आमच्या टेबलाकडे. टेबल बुटके होते, आम्ही जमिनीलगत बसलो होतो, आणि तो खांदा आमच्या बाजूस होता. "काय रे," काकांनी विचारले, "टेकला होता ना?"

खांदा टेकला नव्हता. मातीवर खांद्याची सावली टेकली होती. सावली आणि खांदा यांच्यामध्ये पलीकडच्या बत्तीच्या उजेडाची एक पिवळी फट आम्हांस स्वच्छ दिसली होती. काका वरून पाहत होते; दोन सावल्यांच्या घोळात, सहा तासांच्या धुळीने भरलेल्या डोळ्यांनी, त्यांना ती दिसली नाही. आम्ही खरे सांगितले असते तर कुस्ती पुन्हा लागली असती, वाद झाला असता, आणखी एक तास गेला असता. आम्ही सकाळी दहापासून लिहीत होतो. बोटे आखडली होती, पोटात कावळे ओरडत होते, आणि कापडी छताखाली मिठाईवाला दुकान आवरू लागलेला दिसत होता. गावच्या अभिमानाने आम्ही खोटे बोललो असे म्हटले तर निदान त्यात काही तेज दिसेल. पण तसे नव्हते. आम्हांस घरी जावयाचे होते.

"टेकला होता, काका," आम्ही म्हणालो.

वस्ताद काही बोलला नाही. गुरुजींच्या घरचे पोर खोटे कसे सांगेल, असा त्याने विचार केला असावा. थोड्या वेळाने तो मल्ल टेबलापाशी आला. आम्ही एक्कावन्न रुपये मोजून दिले. त्याने ओल्या मातीच्या हाताने टाक धरला आणि सही केली. त्या पानावर त्याच्या अंगठ्याचा तांबडा ठसा उमटला, सहीपेक्षा मोठा.

रात्री कंदील घेऊन आम्ही काकांच्या मागून घरी चाललो होतो. वाटेत ओढ्यापाशी ते थांबले, पायांवर पाणी घेतले आणि आमच्याकडे न पाहता म्हणाले, "तुला नक्की दिसलं होतं?" आम्ही हो म्हणालो. ते पुढे काही बोलले नाहीत. पुढल्या वर्षी कमिटीची माणसे नारळ घेऊन आली तेव्हा काकांनी एकच अट घातली. दर दहा जोडींनंतर पंच बदलावा, आणि शेवटच्या कुस्तीस ताजा माणूस असावा. कमिटीच्या अध्यक्षांना खरोखर नवल वाटले. "अवं मास्तर, तुमाला का कुस्ती धरायची हाय? नुसतं हुबं तर ऱ्हायाचं!" काकांनी नारळ परत केला. त्यानंतर अनेक वर्षे ते जत्रेत येत, इतर लोकांसारखे जमिनीवर बसत आणि शेवटच्या जोडीआधी उठून जात. त्यांना आम्ही शेवटपर्यंत खरे सांगितले नाही. आरंभी भीतीने, आणि पुढे एवढ्या वर्षांनी सांगून काय साधणार या समजुतीने. म्हातारपणी त्यांचे पाय चेपत असताना एकदा शब्द ओठांपर्यंत आले होते, तेवढ्यात त्यांना झोप लागली.

चौथ्या दिवशी सकाळी आम्ही माडीवर गेलो तेव्हा नातवाने दोन नवे पंच नेमले होते. थकव्याचा रकाना पुन्हा उघडला होता आणि जुन्या पंचास तीन आठवड्यांची भरपगारी रजा दिली होती. घरी पाठविलेल्या दोघा मल्लांना परत बोलावण्याच्या खटपटीत तो होता. पण ते आता दुसऱ्या कंपनीत गेले होते आणि येत नव्हते. आम्ही त्याच्या शेजारी बसलो आणि वर लिहिले ते सारे त्याला सांगितले. हे त्यालाच का सांगितले, आमच्या मुलांना का नाही, याचे उत्तर आमच्यापाशी नाही. त्याने लॅपटॉप मिटून ऐकले. मग बराच वेळ तो काही बोलला नाही.

"तुम्ही खरं का नाही सांगितलंत, आजोबा?"

"फार थकलो होतो रे," आम्ही म्हणालो.

त्याने आमच्याकडे पाहिले. त्याच्या आवाजात कुचेष्टा नव्हती. त्याला खरोखरच समजून घ्यावयाचे होते.

"पण तुम्ही तर नुसते बसला होतात ना?"